शेऱ्याचा रकाना

आमचे सर भिंत चाटायचे. म्हणजे अगदी जीभ लावून नाही हो, तेवढी अब्रू ठेवायचे कॉलेजची. वर्गात शिरण्याआधी खोली नंबर चारच्या भिंतीवरून बोट फिरवायचे, बोटाला लागलेली लोण्याची, म्हणजे ओलीने भिंतीला फुटलेल्या खाराची, पांढरी भुकटी जिभेवर ठेवायचे, डोळे मिटून थांबायचे आणि म्हणायचे, "भरती लागली." जुईनगरच्या कॉलेजात, तळमजल्यावर, जिथून खाडीचं टिपूसही दिसत नाही तिथे उभं राहून! मी एकदा मोबाइलवर भरतीची वेळ काढून पाहिली. बरोबर निघाली. दुसऱ्यांदा पाहिली, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा पाहायची हिंमत केली नाही मी.

तेव्हा मी नवीन लागले होते, मराठी विभागात, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास मिळाले तर प्राध्यापक, नाही मिळाले तर घरी बसून मटार सोला. विभाग म्हणजे दोन टेबलं, दार न लागणारं एक कपाट, सर आणि मी. पहिल्या दिवशी मी चांगली इस्त्रीची साडी नेसून "नमस्कार सर" म्हणत उभी राहिले. त्यांनी नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. म्हणाले, "बाई, आज काय सापडलं?"

"काय सापडायचं होतं, सर?"

"रोज एक सापडतं. बघावं लागतं."

झालं, म्हटलं, पहिल्याच नोकरीत चक्रम पदरात पडला. पुढे कळलं की ते सगळ्यांनाच हे विचारतात. शिपायाला, प्राचार्यांना, कॅन्टीनवाल्याला. अर्थशास्त्राच्या मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "मला डोकेदुखी सापडली, सर." तर सर गंभीरपणे म्हणाले, "ती रोजचीच. आजचं सांगा."

त्यांचं गाव तिथून चालत वीस मिनिटांवर, खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला होते. नवं शहर आलं, मिठागर गेलं आणि त्याच जमिनीवर आमचं कॉलेज उभं राहिलं. सरांच्या डोक्यातून ते मिठागर काही गेलं नव्हतं. फळ्याच्या खाली बांध होता म्हणायचे. तिसऱ्या बाकापाशी खाडीचं पाणी आत घ्यायचं दार होतं. म्हणून खोली चारमध्ये ते अनवाणी शिकवायचे आणि पोरांनाही चपला बाहेर काढायला लावायचे. मी विचारलं तेव्हा एकदम घरच्या बोलीत आले. "मिठान चपला घालून कोन शिरतं, बाई?" पोरं हसायची, पण काढायची. सफाईची मावशी मात्र दुपारनंतर त्या खोलीत फडका मारायला तयार नसायची. म्हणायची, मी पुसून वळते तोवर लादीवर पांढरी पावलं उठतात, आणि ती सरांच्या मापाची नसतात. मी तिला म्हटलं, अगं, लोणा झडतो भिंतीचा. ती म्हणाली, लोण्याला अंगठा असतो का?

हजेरीपटाच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो. आम्ही त्यात काही लिहीत नाही, फार तर 'सुट्टी' किंवा 'परीक्षा'. सर रोज एक ओळ लिहायचे, बारीक अक्षरात. 'बाहेर सात जोड्या चपला.' 'पाच नंबरने जांभई दाबली, माझ्यासाठी.' 'वाशीच्या बाजाराकडून आंब्याचा वास आला, तास पाच मिनिटं थांबवला.' 'न्हावा शेवाकडे बोटीचा भोंगा दोनदा झाला. कुणी खिडकीकडे पाहिलं नाही, सगळी कवितेत होती.' एवढंच. पण पंचवीस वर्षांचे हजेरीपट कपाटात होते आणि एकाही दिवसाचा रकाना रिकामा नव्हता.

वाचून पहिल्यांदा हसले मी. मग चोरून वाचायला लागले. माझे दिवस बस, तास, सासूबाईंचं पथ्य आणि पुन्हा बस यांत जात. रात्री पाठ टेकताना हाताला काही लागायचं नाही. आणि हा माणूस त्याच कॉलेजातून, त्याच ओल्या भिंतीतून रोज काहीतरी उचलून न्यायचा. मला राग यायचा त्यांचा. खरं तर हेवाच.

त्यांना सगळ्यात जास्त आनंद कशाचा व्हायचा, तर उशिरा आलेल्या पोराचा. आम्ही बाकीचे दहा मिनिटांनंतर दार लावून घ्यायचो. सर दाराकडे तोंड करूनच शिकवायचे. तास संपायला पाच मिनिटं असताना कुणी डोकावलं की चेहरा उजळायचा त्यांचा. "ये, ये. बस." कुठे होतास, का उशीर झाला, काही नाही. मी एकदा शिस्तीचं बोलले तर म्हणाले, "उशिरा आलेलं पोर म्हणजे न येता येता आलेलं पोर, बाई. त्याला कुठून आलास विचारायचं नसतं."

दिवाळीनंतर पोरं यायची बंद झाली. विषय आवडत नव्हता असं नाही, पोरं कामाला लागली. कुणी मॉलमध्ये, कुणी दवाखान्यात रिसेप्शनला, कुणी पोर्टच्या बाजूच्या गोदामांत कॉम्प्युटरवर. पटावर बावीस, वर्गात तीन, मग एक, मग कुणीच नाही. माझा वर्ग रिकामा असला की मी सरळ येऊन चहा मागवायचे. सर मात्र पूर्ण तास खोली चारमध्ये काढायचे, आणि हजेरी घ्यायचे. रिकाम्या वर्गाची.

"एक," म्हणायचे आणि थांबायचे. "दोन." थांबायचे. मी दाराबाहेरून ऐकलंय. नुसतं एवढंच असतं तर मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. पण ते थांबणं प्रत्येक नंबराला सारखं नसायचं. काहींना थोडं, काहींना बरंच, जसं खऱ्या वर्गात असतं तसं. नऊला त्यांनी मान हलवली. बाराला म्हणाले, "मोठ्याने बोल." आत पंखासुद्धा बंद होता. बाकांवर दुपारचं ऊन पडलेलं आणि त्या उन्हात कुणी नाही. बाई गं, माझ्या हातावर सरसरून काटा आला. मग बाराही गैरहजर, नऊही गैरहजर, सगळी बावीस गैरहजर मांडून सरांनी पट मिटला. खोटं मांडायचे नाहीत ते. त्यावरून प्राचार्यांशी दोनदा वाजलंही होतं.

"कुणी नसताना कशाला पुकारता, सर?"

"येनं त्यांचं काम. बोलवनं तर आपलं हाय ना?"

सतरा नंबर ही मुलगी सगळ्यांच्या लक्षात राहील अशी होती. बडबडी, कायम केस सुटलेले. हजेरीला नुसतं हजर म्हणायची नाही, "हजर सर, एकदम हजर!" म्हणायची. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पोती उचलणारे, मूळचे साताऱ्याकडचे. मुलगी कॉलेजात जाते याचा त्यांना कोण अभिमान! दिवाळीनंतर तीही यायची बंद झाली. गोदामात नोकरी लागली होती तिला, आणि घरी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी कॉलेजला चालले म्हणून निघायची.

आणि तो गुरुवार. शनिवारी कॉलेज तपासायला समिती यायची होती. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हजेऱ्या पूर्ण करून घ्या." याचा अर्थ आमच्या धंद्यात सगळ्यांना कळतो. रिकाम्या वर्गांत पोरं बसवायची, शाईने. मी दोन निळी पेनं आणि एक काळं घेऊन बसले, म्हणजे सगळं एका बैठकीत लिहिलंय असं वाटू नये. पट भरला नाही तर विषय बंद, विषय बंद तर माझे तास बंद. कुणाला बसवावं याचाच विचार चालू होता. मधेच सरांचा हजेरीपट आणायला खोली चारकडे गेले. दीड वाजून गेला असेल.

दाराबाहेर चपलांची एकच जोडी होती, सरांची. आत सर दाराकडे तोंड करून उभे, आणि चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आलंय. "ये, ये," ते म्हणाले. "बस."

"बसत नाही सर, हजेरीपट हवाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्ताच दिसले त्यांना. म्हणजे ते आधीचं 'ये, ये' मला नव्हतं. मग त्यांनी तिसऱ्या बाकाकडे एकदा पाहिलं, एक ओळ लिहिली आणि पट माझ्या हातात दिला. वर्गात कुणी नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलंय, कुणी नव्हतं. पण गार वाटत होतं, पाण्याकाठी वाटतं तसं.

व्हरांड्यात मी पट उघडला. त्या दिवशीच्या बाकी सगळ्या रकान्यांत गैरहजर आणि सतरापुढे हजर. शेरा होता: 'सतरा आली. डाव्या चपलेला सेफ्टी पिन. बाहेर काढून आली.'

सटकला म्हातारा, असं आलं मनात. आणि पाठोपाठ दुसरं, जास्त सोयीचं: चला, सरांनीही खोटं मांडायला घेतलं. मग मी कशाला लाजू? विभागात आले आणि माझ्या पटात त्याच गुरुवारी, साडेअकराच्या तासाला, सतरापुढे बिनदिक्कत हजर मांडलं. दोन वाजता दोन्ही पट ऑफिसात दिले. क्लार्कने शिक्के मारून कपाटात टाकले.

शुक्रवारी सकाळी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता पोर्टच्या रस्त्यावर ती मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून गोदामाकडे चालली होती. कंटेनरचा ट्रेलर वळला. मैत्रीण वाचली. सतरा नंबर जागेवरच गेली.

मी मेसेज वाचला आणि स्वयंपाकघरात खाली बसले. पोरीसाठी रडले, नाही कसं म्हणू? पण खरं सांगायचं तर आधी डोळ्यांपुढे आला तो मी मांडलेला एक शब्द, 'हजर'. आणि मग सरांचा शेरा आठवला. मी शंभर वेळा हिशेब मांडला. सर त्या दिवशी आठपासून वरच्या मजल्यावर परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते, तिथून थेट तासाला. मोबाइल ते वापरतच नव्हते. कॉलेजात गुरुवारी कुणालाच काही माहीत नव्हतं. शेऱ्याची शाई माझ्यासमोर वाळली होती.

दोनेक आठवड्यांनी तिचे वडील विभागात आले. अंगाने दांडगा माणूस, पण दारातच थांबला, आत येऊ का म्हणून. सर तासाला गेले होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच हातात धरला.

"म्याडम, मला दुसरं काय नको. त्या दिवशी सकाळी मी दारात इचारलं, कालेजलाच निघालीस न्हवं? व्हय म्हनली. हसली आन् गेली. आता लोक म्हनत्यात ती महिनोन् महिने कालेजात येतच नव्हती." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "माज्याशी शेवटचं बोलली ते खोटंच बोलली का, येवढं सांगा."

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. पण त्या माणसाची दया आली, आणि भीतीही होती, पट समितीने पाहिलेला. मी ऑफिसातून परत आलेला माझा हजेरीपट कपाटातून काढला आणि गुरुवारवर बोट ठेवलं. "ही बघा. हजर आहे."

त्यांनी वेळ वाचली. पुन्हा वाचली. "साडेआकरा?"

"हो."

"तुमच्या म्होरं बसली व्हती?"

"हो," म्हणाले मी. कप्पाळ माझं, हो म्हणाले.

"काय बोलली?"

"काही नाही. शांत होती."

"शांत?" त्यांनी मान वर केली. मग अगदी हळू म्हणाले, "म्याडम, आकराच्या आत आमाला फोन आला. साडेआकराला ती हितं व्हती, तर रस्त्यावर कोन व्हतं?"

मी पट मिटायला घेतला. तेवढ्यात दिसलं, सर अनवाणीच दारात येऊन उभे राहिले होते. किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी काही न विचारता स्वतःचा पट काढून तिच्या वडिलांपुढे उघडला. वडिलांनी शेऱ्याच्या ओळीखाली बोट धरलं आणि ते बोट तिथेच राहिलं. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. मग दिसलं की बोट 'सेफ्टी पिन'पाशी अडलंय.

"कुनी लिवलंय ह्ये?"

"मी," सर म्हणाले. "तिसऱ्या बाकावर बसली होती. दाखवतो."

ते दोघं गेले, मी मागून. खोली चारच्या दारात त्या माणसाने कुणी न सांगता चपला काढल्या. आत जाऊन तिसऱ्या बाकावर बसला, आखडून, एवढ्याशा जागेत. बाकाच्या फळीवरून हात फिरवत राहिला. सर फळ्यापाशी उभे राहिले ते तास संपेपर्यंत. जाताना त्याने सरांना वाकून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या दुपारी मी सरांना धरलंच. "सर, ती आली होती?"

"मांडलंय ना?"

"पण तेव्हा ती... सर, ते कसं शक्य आहे? कुठून आली?"

सरांनी चष्मा पुसला. "तुम्हाला सांगितलंय, बाई. उशिरा आलेल्याला इचारायचं नाय." आणि मग, पहिल्यांदाच जरा कडक आवाजात, "तुमच्या तासाला कुठं बसली होती?"

मी कपाटातले पट आवरायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली, सरांनी खोली चारची भिंत चाखली आणि घरी गेले.

खोली चार माझ्याकडे आली. पोरं तीन-चार यायची, कधी पाच. तास बरा व्हायचा. पण शेऱ्याचा रकाना रिकामाच राहायचा माझा. सापडायचं नाही असं नाही. एका मुलीने कविता ऐकून वही मिटून घेतली, एकाने डब्यातला लाडू माझ्या टेबलावर ठेवला. मी पेन टेकवायचे आणि ते साडेअकराचं हजर डोळ्यांपुढे यायचं. हात पुढे सरकायचा नाही. असं दीड वर्ष काढलं मी. एक दिवस तास संपल्यावर सरळ बस पकडली आणि वाशीच्या मार्केटात गेले.

कांद्याच्या गाळ्यापाशी ते पोती उतरवत होते. मला पाहिल्यावर त्यांनी डोक्यावरचा पंचा काढून एका पोत्यावर पसरला. "बसा, म्याडम."

मी बसले नाही. उभ्या उभ्याच बोलून टाकलं. त्या दिवशीची हजेरी खोटी होती, ती माझ्या तासाला नव्हती, मी नोकरीसाठी मांडलं आणि तुमच्या तोंडावर खोटं बोलले. बोलताना मला रडू फुटलं, भर बाजारात. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तवाच कळलं. माजी पोरगी आन् शांत? मला लई राग आलता तुमचा. उठून जानारच व्हतो. तेवढ्यात सरांनी त्येंचं फुडं केलं."

"पण ते तरी तुम्ही खरं कसं मानलंत?" मी विचारलं. इतकी वर्षं मला हेच विचारायचं होतं.

 त्यांनी स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून सांगितलं. त्या सकाळी दारातून निघता निघता तिच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला. उशीर झाला म्हणून ओरडायला लागली. त्यांनी बायकोच्या हातातल्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून खाली बसून पट्ट्याला लावून दिली. घरात तेव्हा तिघंच होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात काय होतं? "आमाला तितं उजवीच चप्पल गावली, म्याडम. डावी लई हुडकली. न्हाईच गावली."

बाजारात केवढा कालवा होता, पण मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"कालेजला निघाले म्हनली व्हती," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे, पण चेहरा समाधानी होता, मला तो कधी विसरता येणार नाही. "तर गेली. उशिरानं का हुईना, पर गेली. पोरगी माज्याशी खोटं बोलली न्हाई."

मग त्यांनी पंचा झटकून डोक्यावर बांधला आणि पुढचं पोतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी खोली चारच्या दारात चपला काढल्या. हजेरी घेतली. सतरा नंबरला आता दुसराच मुलगा आहे, तो आला नव्हता. तरी थांबले, सर थांबायचे तेवढं, आणि दाराकडे पाहत राहिले. मग गैरहजर मांडलं. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी माझी पहिली ओळ लिहिली. काय लिहिली ते सांगत नाही. खरी आहे, एवढं मात्र सांगते.